हाताने बनवलेल्या ग्रीटिंग कार्डांचे स्वतंत्र चित्रकार व्हायचंय? कागदापासून करारापर्यंत सगळं सविस्तर

ग्रीटिंग कार्ड निवडतो एक जण आणि उघडतो दुसराच, ते दोघं एकमेकांना चांगले ओळखतात आणि तुम्ही दोघांनाही ओळखत नाही. या कामातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. चित्र छान हवंच, पण नुसतं छान असेल तर लोक कौतुक करून पुढे जातात. कार्ड विकलं जातं ते समोरच्याच्या मनात "अरे, हे तर अगदी तिच्यासाठीच आहे" असं आलं की. त्यामुळे खाली कागद, रंग, किंमत, दुकानं सगळं सांगणार आहे, पण प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न डोक्यात ठेवा: हे कार्ड कोण, कोणाला आणि कशासाठी देणार?

आधी ठरवा, तुमच्या कामात "हाताने" म्हणजे नेमकं काय

हे न ठरवता लोक सुरुवात करतात आणि मग किंमत लावताना, ऑर्डर घेताना सगळीकडे अडकतात. साधारण चार रस्ते आहेत. पहिला, प्रत्येक कार्ड स्वतंत्र रंगवायचं, एकासारखं दुसरं नाही. दुसरा, लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), स्टेन्सिल (आकार कापलेला साचा) किंवा रबरी ठसे वापरून हाताने छापायचं, म्हणजे डिझाईन एकच पण प्रत्येक छाप थोडा वेगळा. तिसरा, रेषा छापून घ्यायच्या आणि रंग हाताने भरायचे. चौथा, मूळ चित्र एकदा काढायचं, स्कॅन करायचं आणि त्याच्या प्रिंट काढून कार्ड बनवायची, घडी आणि पॅकिंग फक्त हाताने.

तिसरा रस्ता कोणाला अर्धवट वाटत असेल तर सांगते, १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून जे ख्रिसमस कार्ड करून घेतलं, जे विक्रीसाठी छापलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड मानतात, ते असंच बनलं होतं. रेषा लिथोग्राफीने (दगडावरून होणारी छपाई) छापलेल्या आणि रंग हाताने भरलेले. वर "प्रति" आणि खाली "कडून" लिहायला मोकळी जागा सोडलेली. देणारा आणि घेणारा हे दोघं त्या पहिल्या कार्डापासूनच डिझाईनचा भाग आहेत.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला दुसरा किंवा तिसरा रस्ता धरा. पूर्ण हाताने रंगवलेली कार्ड फक्त खास ऑर्डरसाठी ठेवा, कारण त्याला लागणारा वेळ कुठल्याच दुकानाच्या मार्जिनमध्ये बसत नाही. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा, प्रिंट असेल तर कार्डाच्या मागे "मूळ चित्रावरून छापलेलं" असं स्पष्ट लिहा. गिऱ्हाईकाला नंतर कळलं तर पुढचं एकही कार्ड तो विश्वासाने घेणार नाही.

चित्राच्या आधी नात्यांची यादी

वहीत तीन रकाने पाडा, कोण, कोणाला, कशासाठी. आणि भरत जा. मोठी बहीण, लहान भावाला, नोकरी गेली म्हणून. विद्यार्थी, निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेला. मित्र मित्राला, वर्षभर बोलणं बंद होतं म्हणून. नवीन आईला, आणि तेही बाळाचं कौतुक करायला नाही तर तिची स्वतःची विचारपूस करायला. अशा वीस-पंचवीस ओळी झाल्या की तुमच्या लक्षात येईल, "हॅपी बर्थडे आणि फुलं" या डिझाईनची बाजारात गर्दी आहे पण यातल्या बऱ्याच ओळींसाठी काहीच मिळत नाही. स्वतंत्र चित्रकाराची जागा तिथेच आहे, मोठ्या कंपन्यांना थोड्या लोकांसाठीचं कार्ड परवडत नाही, तुम्हाला परवडतं.

यादीतून आठ ते बारा डिझाईन निवडा, त्याहून जास्त नको. त्यातली निम्मी वर्षभर चालणारी ठेवा म्हणजे वाढदिवस, आभार, अभिनंदन, सहज आठवण. दोन-तीन सणासुदीची. आणि निदान एक सांत्वनाचं कार्ड नक्की करा.

सांत्वनाच्या कार्डावर मला जरा थांबायचंय, कारण बहुतेक चित्रकार ते टाळतात आणि लोकांना ते खरोखर हवं असतं. ज्या माणसाला कोणाच्या तरी जाण्यावर काही लिहायचंय तो आधीच शब्द शोधून थकलेला असतो. त्याच्या हातात तुम्ही मावळता सूर्य, मेणबत्ती आणि "काळ सगळं बरं करतो" दिलंत तर त्याला ते पाठवताना अवघडल्यासारखं होतं. साधं चित्र ठेवा, दाराशी ठेवलेल्या दोन चपला, अर्धवट विणलेला स्वेटर, रिकामी खुर्ची पण उन्हातली, असं काहीतरी ज्यात गेलेलं माणूस राहत होतं असं जाणवेल. मजकूर एका ओळीत, "तुझ्यासोबत आहे" एवढाही चालतो. आतली बाजू पूर्ण कोरी. रंग फिके ठेवलेच पाहिजेत असं नाही, दुःखात असलेल्या माणसाला राखाडी रंगच द्यावा असा काही नियम नाही.

कागद: इथे घाई करू नका

आधी पाकीट ठरवा, मग कार्ड. उलटं केलं की हव्या त्या साईझचं पाकीट मिळत नाही आणि प्रत्येक पाकीट हाताने करत बसावं लागतं. स्टँडर्ड साईझ सोप्या आहेत. ए५ कागद (१४८ बाय २१० मिमी) मधोमध दुमडला की ए६ कार्ड होतं, १०५ बाय १४८, त्याला सी६ पाकीट लागतं, ११४ बाय १६२. ए४ मधोमध दुमडला की ए५ कार्ड, त्याला सी५ पाकीट, १६२ बाय २२९. चौकोनी कार्ड दिसायला गोड दिसतं पण काही देशांत चौकोनी पाकिटाला टपालाचे जादा पैसे पडतात, कारण छाननीचं मशीन ते नीट घेत नाही. जो ते पाठवणार आहे त्याच्या खिशाला तो भार, म्हणून मी सुरुवातीला चौकोनी टाळायला सांगते.

जाडी २०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खाली गेली की कार्ड उभं राहत नाही, पोटात वाकतं. वॉटरकलरचे ओले वॉश (पातळ रंगाचे हात) देणार असाल तर ३०० जीएसएम घ्या, कोल्ड प्रेस म्हणजे थोडा खरखरीत. पेन आणि बारीक रेषेचं काम असेल तर हॉट प्रेस, तो गुळगुळीत असतो, निब अडकत नाही. ॲसिड-फ्री कागदच घ्या, नाहीतर काही वर्षांनी पिवळा पडतो, आणि कार्ड ही लोक वर्षानुवर्षं जपून ठेवायची वस्तू आहे.

आता ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. मशीनवर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने जास्त बसलेले असतात. कागद आडवा आणि उभा दोन्हीकडून हलकाच वाकवून बघा (घडी पाडू नका, नुसता वाकवा), ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या वाकण्याच्या रेषेला समांतर ग्रेन असतो. घडी नेहमी ग्रेनला समांतर पाडायची. उलट पाडली की कडेला तडा जातो, वर रंग असेल तर पांढरी फुटकी रेघ दिसते आणि कितीही सुंदर चित्र असलं तरी कार्ड स्वस्तातलं वाटायला लागतं. हातकागदात तंतू बहुतेक सगळ्या दिशांना पसरलेले असतात म्हणून तिथे हा त्रास कमी.

घडीआधी क्रीझ, म्हणजे दुमडायच्या जागी खोबण, पाडा. स्टील पट्टी लावून बोन फोल्डरने (घडी पाडायची बोथट पट्टी), तो नसेल तर शाई संपलेल्या बॉलपेनने, एकाच दाबात रेघ ओढा. आणि मग घडी खोबणीच्या उलट दिशेला घाला, म्हणजे खोबण बाहेरच्या बाजूला राहील आणि मागे आलेला उंचवटा आत जाईल. अनेक जण खोबणीतच दुमडतात, पातळ कागदात फरक कळत नाही पण ३०० जीएसएमला लगेच कळतो.

रंग आणि शाई

महागडा मोठा सेट नको. सहा ते आठ चांगले रंग पुरतात, आणि ट्यूबवर लाईटफास्टनेस (उजेडात रंग किती टिकतो ते) बघून घ्या. ॲलिझरिन क्रिमसन, पिगमेंट कोड पीआर८३, आणि ऑपेरा नावाने मिळणारा झगझगीत गुलाबी, हे दोन उजेडात लवकर उडतात. कार्ड शेल्फवर महिनोन्महिने उभं राहणार असतं, तर हे लक्षात ठेवा. गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, कार्डासाठी मला फार आवडतो, सपाट, ठाशीव रंग येतो आणि रंगीत कागदावरही उठून दिसतो, पण थर जाड दिला तर घडीजवळ तडकतो म्हणून घडीपासून थोडं अंतर सोडा.

शाई वॉटरप्रूफ पिगमेंटची हवी. टेस्ट सोपी आहे, रेघ ओढा, पूर्ण वाळू द्या, वरून ओला ब्रश फिरवा. पसरली तर ती शाई फक्त कोरड्या कामाला. कलर पेन्सिलचा जाड थर दिला तर काही दिवसांनी वर मेणाचा पांढुरका थर येतो, मऊ कापडाने हलकं पुसून फिक्सेटिव्हचा (रंग पक्का करणारं द्रव) फवारा मारला की प्रश्न सुटतो.

चमकी, मणी, बटणं चिकटवायचा मोह होईल. ती पाकिटात उठून येतात, मशीनमध्ये अडकतात आणि कार्ड फाटूही शकतं. तसं कार्ड हातात द्यायचं असेल तरच करा. बिया किंवा वाळलेली पानंफुलं लावलेलं कार्ड परदेशी पाठवलं तर काही देशांत सीमेवरच अडवतात.

डिझाईन करताना

दुकानातला रॅक समोर आणा. कार्ड एकामागे एक लावलेली असतात आणि बहुतेक वेळा प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्साच दिसतो. तुमचा मुख्य शब्द किंवा चेहरा खाली असेल तर तो कोणाला दिसणारच नाही. उभं कार्ड आडव्यापेक्षा रॅकमध्ये बरं बसतं. ही एवढी गोष्ट पाळली तरी विक्रीत फरक पडतो.

अक्षरं स्वतः काढा. तुमच्या रेषेच्या बाजूला कॉम्प्युटरचा फॉन्ट आला की दोघांचं जमत नाही, शिवाय बरेच फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी फुकट असतात, विकायच्या वस्तूवर वेगळं लायसन्स लागतं. देवनागरी लेटरिंग करत असाल तर आधी शिरोरेघ ठरवा, तिची जाडी आणि उंची एकदा पक्की झाली की बाकी अक्षरं तिला लटकतात. रफार आणि मात्रा-वेलांट्यांसाठी शिरोरेघेच्या वर आणि जोडाक्षरांसाठी खाली पुरेशी जागा सोडा, ट्रिमिंगमध्ये (कडा कापताना) पहिला बळी त्यांचाच जातो.

आतली बाजू शक्यतो कोरी. फार तर एक ओळ. लिहिणाऱ्याला त्याची जागा हवी असते, आणि कोरं कार्ड एकापेक्षा जास्त प्रसंगांना चालतं म्हणून दुकानदारालाही आवडतं. मागे तुमचं नाव, डिझाईनचं नाव किंवा नंबर आणि संपर्क, लहान अक्षरात.

बॅच लावून काम

एकेक कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसू नका. वीस कागद एकदम कापा, वीसवर क्रीझ पाडा, वीसवर पेन्सिलची हलकी खूण, मग पहिला वॉश सगळ्यांवर, तोपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. लिनो किंवा ठसा असेल तर जाड पुठ्ठ्याचा एक एल आकाराचा कोपरा बोर्डला चिकटवून घ्या, प्रत्येक कागद त्या कोपऱ्यात टेकवून ठेवला की छाप दर वेळी त्याच जागी येतो. लिनोवर अक्षरं उलटी कोरायची असतात हे माहीत असूनही विसरतं, म्हणून ट्रेसिंग पेपरवर लिहून पालथा घालून उतरवायची सवयच लावून घ्या. तेलातली शाई वाळायला दिवस लागतात, कधी आठवडा सुद्धा, ऑर्डरची तारीख देताना तो धरायचा.

मागणीपेक्षा दहा टक्के कागद जास्तच कापा, डाग पडतात, छाप चुकतो. आणि वेळ मोजा. फोनवर घड्याळ लावा, कापण्यापासून पॅकिंगपर्यंत. समजा वीस कार्डांना पाच तास गेले तर एका कार्डामागे पंधरा मिनिटं झाली. हा आकडा नसेल तर पुढची सगळी किंमत हवेतली आहे.

स्कॅन आणि फोटो

मूळ चित्र विकण्याआधी स्कॅन करून ठेवा, नेहमी. त्याच साईझला छापायचं असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, ए६ ला ते साधारण १२४० बाय १७४८ पिक्सेल होतं. दुप्पट मोठं करायची शक्यता असेल तर ६०० ला स्कॅन करा. मूळ फाईल टिफमध्ये ठेवा, जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केली की खराब होते. प्रेसला द्यायच्या फाईलमध्ये चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्राचा जादा भाग. स्क्रीनवरचा चमकदार निळा-हिरवा छपाईत मळकट होतो, निऑन आणि सोनेरी रंग स्कॅनर पकडतच नाही, म्हणून आधी एक प्रूफ (नमुना छपाई) मागवून मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून बघा आणि मगच पूर्ण ऑर्डर द्या.

विक्रीसाठीचा फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद. एक फोटो समोरून, एक आतला, एक हातात धरलेला म्हणजे साईझ कळेल, आणि एक कागदाचा पोत दिसेल असा जवळून. हाताने केलेलं आहे हे त्या शेवटच्या फोटोतच कळतं.

किंमत

साहित्य, तुमचा वेळ, वाया गेलेल्या कागदाचा वाटा, पाकीट, पॅकिंग, वीज-इंटरनेट-प्रवासाचा वाटा, सगळं मिळून एका कार्डाचा खर्च काढा. वेळेचे पैसे धरायचेच. "आवडीचं काम आहे" म्हणून तास फुकट धरले तर ऑर्डरी वाढल्या की तुम्ही दमता पण हातात काही उरत नाही, आणि चांगले चांगले चित्रकार इथेच काम सोडून देतात. ते बघून वाईट वाटतं, म्हणून एवढं जोर देऊन सांगतेय.

प्रचलित पद्धत अशी, खर्च गुणिले दोन म्हणजे होलसेल भाव आणि होलसेल गुणिले दोन म्हणजे दुकानातली किंमत. दुकानं साधारण छापील किमतीच्या निम्म्याने माल घेतात, त्यामुळे थेट विकतानाही दुकानातलीच किंमत ठेवा, स्वतः स्वस्तात विकलंत तर दुकानदार पुन्हा घेणार नाही. हे गणित पूर्ण हाताने रंगवलेल्या कार्डाला लावलं की किंमत फार वर जाते. म्हणून ती कार्ड दुकानात न ठेवता फक्त थेट ऑर्डरवर द्या, आणि दुकानात ठशाची किंवा प्रिंटची ठेवा.

विकायचं कुठे

पहिल्यांदा प्रदर्शन किंवा हस्तकला बाजारात स्टॉल लावा, विक्रीपेक्षा ऐकायला. लोक कोणतं कार्ड उचलतात, कोणतं उघडून पुन्हा ठेवतात आणि ठेवताना काय बोलतात ते संध्याकाळी लिहून काढा. उचलून परत ठेवलेल्या कार्डात बहुधा मजकूर नडतो, चित्र नाही, कारण चित्र आवडलं म्हणूनच ते उचललेलं असतं.

मग पुस्तकांची, भेटवस्तूंची छोटी दुकानं. जाताना सहा ते आठ नमुने, एक पानाची किंमत यादी, कमीत कमी किती घ्यायची ते आणि किती दिवसांत देणार ते. दुकानदार कन्साइनमेंट म्हणाला, म्हणजे विकल्यावर पैसे, तर थोड्या काळासाठी चालेल पण लेखी घ्या: किती नग, किती टक्के कोणाचे, हिशोब कधी, आणि खराब झालेल्या कार्डांचं नुकसान कोणाचं. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात.

सणाच्या कार्डांचं काम दुकानं काही महिने आधीच ठरवतात, त्यामुळे सण जवळ आल्यावर नमुने घेऊन गेलात तर त्या वर्षीचं गेलं.

खास ऑर्डर असेल तर निम्मे पैसे आधी, पेन्सिल स्केच मंजूर झाल्यावरच रंग, आणि दोन बदल किमतीत धरलेले, पुढच्या बदलाला वेगळे पैसे. हे सुरुवातीलाच मेसेजमध्ये लिहून पाठवा, तोंडी बोललेलं दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

हक्क

बर्न करार, म्हणजे कलाकृतींच्या हक्कांचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय करार, ज्या देशांनी मान्य केलाय तिथे चित्र काढल्याक्षणी कॉपीराईट निर्माण होतो, नोंदणीची अट नसते. पण तो दोन्ही बाजूंनी लागू आहे हेही समजून घ्या. गाण्याच्या ओळी, कार्टूनमधली पात्रं, नेटवर दिसलेला दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा उतरवून काढणं, हे विकायच्या कार्डावर नको. संदर्भासाठी स्वतःचे फोटो काढा, किंवा समोर वस्तू ठेवून काढा, त्याने रेषाही जिवंत येते.

एखादी कंपनी तुमचं डिझाईन मागायला आली की आनंद होतोच, पण विचारा: पूर्ण हक्क विकत मागताय की लायसन्स? केट ग्रीनअवे ही इंग्लिश चित्रकार पुढे मुलांच्या पुस्तकांसाठी जगप्रसिद्ध झाली, पण सुरुवात तिने कार्डांपासूनच केली. तिच्या चरित्रात नोंद आहे की तिचं एक व्हॅलेंटाईन कार्ड काही आठवड्यांत २५,००० च्या वर विकलं गेलं आणि तिच्या हातात बहुधा ३ पौंडांपेक्षा जास्त आलं नाही. एकरकमी विकलं की असं होतं.

लायसन्समध्ये हक्क तुमच्याकडेच राहतो, कंपनीला ठराविक वापराची परवानगी मिळते. करारात बघायचं ते असं: कोणत्या वस्तूवर, फक्त कार्ड की मग-पिशव्या पण, कोणत्या देशांत, किती वर्षं, फक्त त्यांनाच की इतरांनाही देता येईल, रॉयल्टी (विक्रीतला तुमचा वाटा) कशावर मोजणार, आणि आगाऊ रक्कम किती. "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" असे शब्द दिसले तर सही करू नका, ते खोडून "ग्रीटिंग कार्ड, दोन वर्षं" असं घालायला सांगा, बऱ्याचदा कंपनी मान्य करते कारण तो मजकूर त्यांच्या ठरीव नमुन्यातून आलेला असतो. मूळ कागद परत तुमच्याकडे येणार हेही लिहून घ्या, शक्य असेल तर मूळ द्यायचंच नाही, स्कॅन द्या. आणि एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक डिझाईनचा नंबर, तारीख, कोणाला कशासाठी दिलं आणि परवानगी कधी संपते ते लिहीत चला, संपण्याच्या दोन महिने आधी त्यांना मेल टाकून विचारायचं, पुढे हवंय का, म्हणजे नको असेल तर ते डिझाईन दुसऱ्या कोणाला द्यायला मोकळं होतं.